धमकीचा मेसेज आला तर: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

अकरावीला, डिप्लोमाला किंवा नर्सिंगला गाव सोडून रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, माणगाव अशा ठिकाणी राहायला आलं की बहुतेकांच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा फोन येतो. तोवर घरात एकच फोन असतो आणि तो सगळे वापरतात. नव्या फोनवर अनोळखी रिक्वेस्ट येतात, ओळखी होतात आणि एखाद्या रात्री मेसेज येतो: ‘पैसे टाक, नाहीतर तुझ्या वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकतो.’

ही धमकी आपल्याकडे फार लागते. वाडीच्या ग्रुपवर गावातली माणसं असतात तसे मुंबईचे चाकरमानीही असतात. तिथे गेलेली गोष्ट दहा मिनिटांत सगळ्या भावकीला कळते. समोरच्याला हे ठाऊक असतं आणि त्याचं सगळं भांडवल ही भीतीच असते. ती भीती एका तरी भरवशाच्या माणसाला सांगितली की त्याची पकड सैल होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून क्रम बदलू नका. अपवाद एकच: पैसे गेले असतील तर आधी सहाव्या पायरीतला १९३० वरचा फोन करा.

१. आधी ओळखा: समोर कोण आहे?

साधारण तीन प्रकार दिसतात. तिन्हींची चाल वेगळी असते.

पहिला प्रकार अनोळखी टोळीचा. इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर एखाद्या मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, गप्पा लगेच व्हॉट्सॲपवर नेल्या जातात आणि व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे बहुतेक वेळा आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो आणि इकडे तुमचा चेहरा स्क्रीनसकट टिपला जातो. काही मिनिटांत तुमच्या फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि पैशांची मागणी येते. यात मुलगे मोठ्या संख्येने सापडतात आणि लाजेपोटी गप्प बसतात. पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी ‘पोलीस अधिकारी’ किंवा ‘यूट्यूबवाला’ म्हणून फोन येतो, व्हिडिओ काढून टाकायचे पैसे मागतो. तोही त्याच टोळीतला असतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कुठलीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

दुसरा प्रकार ओळखीच्या माणसाचा: जुना मित्र, वर्गातला मुलगा, हॉस्टेलवरची सीनियर, कधी नात्यातलाच कुणी. त्याला बहुधा पैसे नको असतात. ‘बोलणं बंद करू नकोस’, ‘भेटायला ये’, ‘आणखी फोटो पाठव’ अशी मागणी असते. हा प्रकार जास्त घातक, कारण त्याला तुमचं घर, एसटीची वेळ, मैत्रिणी सगळं माहीत असतं. तडजोडीसाठी एकटीने किंवा एकट्याने त्याला भेटायला जाऊ नका. अगदी समुद्रकिनाऱ्यावर दिवसाढवळ्यासुद्धा नाही.

तिसरा प्रकार बनावटीचा. गणपतीत, शिमग्यात किंवा गॅदरिंगमध्ये काढलेला साधा फोटो घेऊन त्यावरून अश्लील चित्र बनवलं जातं, किंवा तुमच्या नावाने खोटं खातं उघडलं जातं. झटपट कर्ज देणारी काही ॲप्ससुद्धा कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी घेऊन हेच करतात. ‘फोटो खरा नाही, मग तक्रार कशाची?’ असं समजू नका. बनावट फोटोसाठीही कायदा लागू होतो.

२. पहिला तास: चार गोष्टी करायच्या नाहीत

पैसे पाठवू नका. एकदा पाचशे रुपये गेले की समोरच्याला कळतं, इथून निघतात. पुढची मागणी मोठी असते.

चॅट डिलीट करू नका. घाबरून सगळं पुसून टाकणं ही सर्वात जास्त होणारी चूक आहे, आणि नंतर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

ब्लॉक करायचंच आहे, पण पुरावा घेतल्यावर. आधी ब्लॉक केलंत तर प्रोफाइलची लिंक, नाव, फोटो हे मिळवणं अवघड होतं.

शिव्या, विनवण्या, उलट धमक्या यातलं काहीही लिहू नका. उत्तर न देता चॅट तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर ‘मेसेज आपोआप गायब होण्याची’ सोय चालू असेल तर ती लगेच बंद करा.

३. कुणाला सांगायचं आणि कसं

आई-वडील, मोठी बहीण, मामा, वर्गशिक्षिका, हॉस्टेलच्या मॅडम, कुणीही एक मोठं माणूस. वय १८ च्या आत असेल तर मोठं माणूस हवंच. सुरुवात सुचत नसेल तर हे वाक्य तसंच म्हणा: ‘आई, मला एक जण फोनवरून धमकी देतोय. आधी सगळं ऐक, मग ओरड.’ फोनवर बोलवत नसेल तर लिहून पाठवा.

पालकांनो, या क्षणी तुम्ही पहिला शब्द काय काढता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘फोन कशाला दिला होता?’ हा प्रश्न नंतर कधीतरी. आत्ता मालवणीतलं एकच वाक्य पुरे: ‘मी आसंय तुझ्या वांगडा’ (मी आहे तुझ्यासोबत). आणि फोन काढून घेऊन बंद करून ठेवू नका. पुरावा त्याच फोनमध्ये आहे.

गावकीच्या बैठकीत, मानकऱ्यांपुढे किंवा दोन्ही घरांनी बसून हे मिटवायचा मोह होतो. तसं करू नका. १८ वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय बैठक म्हटली की पाच-दहा माणसांना तपशील कळणारच. जे टाळायचं होतं तेच घडतं.

४. पुरावा कसा जपायचा

इथे घाई करू नका. अर्धा तास लागला तरी चालेल.

स्क्रीनशॉट पूर्ण घ्या, कापू नका. वरची वेळ, नंबर किंवा नाव, तारीख दिसली पाहिजे. चॅट लांब असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून आधी समोरच्याचं प्रोफाइल उघडा, मग चॅट पहिल्यापासून शेवटपर्यंत हळूहळू सरकवा. प्रोफाइल आणि धमकी एकाच सलग रेकॉर्डिंगमध्ये आली की ‘हे खातं माझं नाही’ म्हणायला जागा कमी राहते.

फक्त दिसणारं नाव टिपून भागत नाही, कारण ते क्षणात बदलता येतं. इन्स्टाग्रामवर युजरनेम अक्षर-न्-अक्षर लिहा, टिंब आणि खालची रेघसुद्धा. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. व्हॉट्सॲप असेल तर देशाच्या कोडसह पूर्ण नंबर. पोस्ट किंवा रील असेल तर त्या पोस्टची स्वतंत्र लिंक घ्या. नुसत्या खात्याच्या लिंकवर एखादी पोस्ट काढून टाकायला वेळ लागतो.

व्हॉट्सॲपवर ‘एक्सपोर्ट चॅट’ करून ती फाईल स्वतःच्या ईमेलवर पाठवा. मूळ चॅट मात्र फोनमध्ये राहू द्या. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

पैसे गेले असतील तर प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी लिहून घ्या.

वहीच्या एका पानावर तारीखवार नोंद करा: कधी ओळख झाली, कुठल्या ॲपवर, पहिली धमकी कधी, काय मागितलं. पुढे हीच हकिकत तीन-चार ठिकाणी सांगावी लागते. लिहिलेली असली की तपशील बदलत नाहीत आणि तेच तेच आठवून त्रासही कमी होतो.

आता एक गंभीर सावधगिरी. १८ वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका. असा फोटो पाठवणं, बाळगणं हाच आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याच्या कलम ६७ब आणि पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षकांनी ‘मला पाठव, बघतो’ म्हणू नये. फोटो आहे एवढं सांगा, धमकीचा मजकूर दाखवा आणि फोन पोलिसांसमोर उघडा.

५. फोटो पसरण्याआधी अडवणं

ही पायरी फार कमी जणांना माहीत असते, आणि वेळेत केली तर फार उपयोगी पडते.

फोटो काढला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा वापरा. ती अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची आहे. १८ पूर्ण असतील तर ‘स्टॉप एनसीआयआय’. दोन्हींचं तंत्र सारखं आहे. तुमचा फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्यावरून अंकाक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम अशा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशी जुळणारा फोटो कुणी तिथे टाकला तर तो ओळखून अडवता येतो. ‘स्टॉप एनसीआयआय’वर मिळणारा केस नंबर आणि पिन जपून ठेवा, त्याशिवाय पुढची स्थिती पाहता येत नाही.

याच्या मर्यादाही समजून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या खासगी चॅटमध्ये हा ठसा चालत नाही. फोटो कापला, फिरवला, त्यावर काही लिहिलं तर जुळणी चुकू शकते, म्हणून वेगवेगळ्या प्रती असतील तर प्रत्येकीचा ठसा द्या.

फोटो आधीच कुठे टाकला गेला असेल तर त्या ॲपमध्ये ‘रिपोर्ट’ करा आणि कारण निवडताना नग्नता, परवानगीशिवाय टाकलेला खासगी फोटो किंवा तोतयेगिरी यातलं नेमकं निवडा. ‘मला हे आवडत नाही’ निवडलं की तक्रार मागे पडते. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता ॲपच्या मदत विभागात असतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार खासगी अवयव दाखवणारे, नग्नतेचे किंवा बदल करून बनवलेले तोतया फोटो स्वतः पीडिताने किंवा त्याच्या वतीने कुणी तक्रार केल्यावर कंपनीने झटपट हटवायचे असतात. २४ तासांपेक्षा जास्त वाट पाहायचं कारण नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

वाडीच्या किंवा वर्गाच्या ग्रुपवर फोटो आलाच, तर ॲडमिनने पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ टिपून तो सर्वांसाठी डिलीट करावा आणि ग्रुप काही काळ फक्त ॲडमिनपुरता ठेवावा. ‘हा फोटो पुढे पाठवणं गुन्हा आहे’ एवढीच एक ओळ लिहा. फोटोत कोण आहे यावर एक शब्दही नको.

६. तक्रार: कुठे, कशी, काय घेऊन

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठवता आली तर परत मिळायची शक्यता असते, त्यामुळे इथे मिनिटांचा प्रश्न आहे. यूटीआर नंबर हातात घेऊनच फोन लावा. घाटात किंवा खाडीपलीकडच्या वाडीत रेंज जात असेल तर आधी रेंजमध्ये या. अर्ध्यावर तुटलेला फोन पुन्हा रांगेत लागतो.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन. पत्ता स्वतः टाईप करा. गूगलवर शोधून आलेल्या ‘हेल्पलाइन नंबर’वर फोन करू नका, त्यात भामटे बसलेले असतात. महिला आणि मुलांच्या विभागात नाव न सांगता तक्रार करायची सोय आहे, पण तशा तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही. म्हणून शक्य असेल तर नाव देऊन करा. घटनेचं वर्णन आधी वहीत लिहा, मग भरा. दोन ओळींत उरकू नका. शेवटी मिळणारा पोच क्रमांक लिहून घ्या.

इथला मोठा गैरसमज असा की पोर्टलवर तक्रार केली म्हणजे गुन्हा दाखल झाला. तसं नसतं. ती तक्रार तुमच्या भागातल्या पोलिसांकडे जाते. एफआयआर व्हायला ठाण्यात जावंच लागतं.

ठाणं कुठलं? कुठलंही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. म्हणजे घर देवगडला आणि शिक्षण रत्नागिरीत असेल तर रत्नागिरीतच देता येते. गावाजवळच्या पोलीस दूरक्षेत्रावर (छोट्या चौकीवर) हवालदार ‘जिल्ह्याच्या सायबरला जा’ म्हणतील. त्यामागे एक कारण आहे: आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. पण तपास कोण करणार हा पुढचा प्रश्न, तक्रार लिहून घ्यायला त्याची आडकाठी नाही. शक्य असेल तर दूरक्षेत्राऐवजी सरळ तालुक्याच्या मुख्य ठाण्यात जा.

बरोबर हे न्या:
- मराठीत लिहिलेला अर्ज, दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.
- स्क्रीनशॉटच्या प्रिंट, आणि त्याच फाईल पेनड्राइव्हमध्ये.
- सगळ्या लिंक, युजरनेम, नंबर यांची छापील यादी.
- आधार कार्डाची प्रत. वय १८ च्या आत असेल तर जन्मदाखला किंवा बोनाफाईड.
- पैसे गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट.
- मूळ फोन, चार्ज केलेला. त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आधीच लिहून ठेवा (स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की दिसतो).

तपासासाठी फोन ठेवून घेतला जाऊ शकतो. सीईटी, शिष्यवृत्ती किंवा प्रवेशाचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर जाण्याआधीच त्याची सोय पाहा आणि सिम परत मिळेल का ते तपास अधिकाऱ्याला विचारा. फोन दिल्याची लेखी नोंद घ्या.

अर्जात कलमं लिहिणं तुमचं काम नाही, पण माहीत असलेली बरी. खासगीपणाचा भंग: आयटी कायदा ६६ई. दुसऱ्याची ओळख चोरणं: ६६सी. अश्लील मजकूर: ६७ आणि ६७ए. धमकावून पैसे उकळणं: भारतीय न्याय संहिता ३०८. धमकी: ३५१. बाईचा किंवा मुलीचा ऑनलाइन पिच्छा पुरवणं: ७८. आणि कलम ७७ नीट वाचा, कारण ‘फोटो मीच पाठवला होता’ या एका विचाराने कित्येक मुली तक्रार करत नाहीत. त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटलं आहे की फोटो काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हाच. ७७ आणि ७८ स्त्रियांसाठी आहेत. मुलग्यांना आयटी कायदा, ३०८ आणि ३५१ लागू पडतात, आणि १८ च्या आतल्या मुलग्यांना पॉक्सोही.

पॉक्सोखाली मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि आईवडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत असतं. ठाण्यात हे विनम्रपणे पण स्पष्ट मागा.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर तीच हकिकत जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा: रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस, रायगडसाठी अलिबाग. तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तातडीचा धोका असेल तर ११२. मुलांसाठी १०९८.

७. शाळा-कॉलेजात

त्रास देणारा त्याच संस्थेतला असेल तर पोलिसांबरोबर इथेही लेखी तक्रार द्या. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती, आणि तिच्याकडे साधारण तीन महिन्यांच्या आत जावं लागतं. सीनियर व्हॉट्सॲप ग्रुपवर छळत असतील तर ते रॅगिंगच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. युजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

‘संस्थेचं नाव खराब होईल, अर्ज मागे घ्या’ असं सुचवलं गेलं तर आवक क्रमांक असलेली प्रत घरी जपून ठेवा आणि अर्ज मागे घेऊ नका.

८. फोन आणि कागद आवळून घेणं

व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. प्रोफाइल फोटो आणि ग्रुपमध्ये जोडायची परवानगी फक्त ओळखीच्यांना द्या. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा, तिथे अनोळखी संगणक दिसला तर लॉगआउट करा. इन्स्टाग्राम प्रायव्हेट ठेवा आणि फेसबुकवर मित्रांची यादी ‘ओन्ली मी’ करा, कारण धमकीवाला आधी तीच यादी उचलतो. लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाईल (फोनवर ॲप बसवणारी फाईल) उघडू नका.

आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. प्रवेशाच्या दिवसांत आधार, मार्कशीट, पासपोर्ट फोटो, सही हे सगळं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं जातं आणि तिथेच पडून राहतं. कागद पेनड्राइव्हवर न्या. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब किंवा ईमेल उघडलंत तर उठण्याआधी लॉगआउट करा, डाउनलोड फोल्डरमधून आणि मग रिसायकल बिनमधूनही फाईल काढा. चालेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. झेरॉक्स प्रतीवर तिरकं लिहा: ‘फक्त अमुक कॉलेजच्या प्रवेशासाठी’, तारीख आणि सही. फोन दुरुस्तीला देताना समोर उभं राहून काम करून घ्या. ठेवून यावं लागलं तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, आणि बॅकअप घेऊन फोन रीसेट करून द्या.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा.

९. नंतरचे आठवडे

तक्रार झाल्यावरही काही दिवस नव्या नंबरवरून मेसेज येऊ शकतात. उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा आणि आधीच्याच पोच क्रमांकाचा उल्लेख करून तपास अधिकाऱ्याला कळवा. दर आठवड्याला एकदा विचारणा करा, तारीख वहीत टिपा.

झोप उडते, जेवण जात नाही, कॉलेजात सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. पालकांनो, मुलाच्या किंवा मुलीच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याला किंवा तिला रात्री खोलीत एकटं ठेवू नका. सोबत झोपा, आणि सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. केसपेपर काढताना कारण ‘झोप येत नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं. बाकीचं आत डॉक्टरांना सांगा.